चमचा कोणाच्या हातात? व्यवसायोपचार आणि सहाय्यक साधने

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, 'सर, तुमचा विषय तत्त्वज्ञान. काठी, वॉकर, कमोडची खुर्ची यांवर तुम्ही काय बोलणार?' प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर माझ्या घरातलंच आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. वाचा हळूहळू परत आली, पण उजव्या हाताची मूठ पुरती वळेना. मी तिला दोन्ही वेळा भरवू लागलो. वाटायचं, आपण कर्तव्य करतोय. दोनेक महिन्यांनी एक व्यवसायोपचार तज्ज्ञ घरी आल्या. त्यांनी माझ्या हातातला चमचा घेतला, दांड्याला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळली, वर रबरबँड लावले आणि तो पत्नीच्या हातात दिला. ताट घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं. निम्मा वरणभात साडीवर सांडला, निम्मा तोंडात गेला. बऱ्याच दिवसांनी ती हसली आणि मला म्हणाली, "आता तुमचं तुम्ही जेवा, गार होतंय."

त्या दिवशी मला कळलं की माझ्या प्रेमानं तिचं जेवण माझं काम करून टाकलं होतं. आजचं सगळं व्याख्यान या एका गोष्टीवर आहे.

आधी शब्द पाहू. 'व्यवसाय' म्हटलं की आपल्याला धंदा किंवा नोकरी आठवते. ऑक्युपेशनल थेरपीमधला व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं: दात घासणं, वेणी घालणं, भाजी चिरणं, देवपूजा, नातवाला गोष्ट सांगणं. ढोबळमानानं सांगायचं तर फिजिओथेरपीचा भर हालचाल आणि ताकद यांवर असतो, आणि व्यवसायोपचार विचारतो, 'या हातानं तुम्हाला काय करायचंय?'

हे शास्त्र आपल्याकडे रुजलं ते मुंबईत. कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी फिलाडेल्फियात या विषयाचं शिक्षण घेतलं आणि १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात प्रशिक्षणाची शाळा सुरू केली. आशियातली ही अशी पहिली शाळा मानली जाते. १९५२ मध्ये व्यवसायोपचार तज्ज्ञांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता.

आता साधनांकडे येऊ. जाड दांड्याचा चमचा का चालतो? बारीक दांडा धरायला बोटं पूर्ण मिटावी लागतात, जाड दांड्याला अर्धी मूठ पुरते. इतकं साधं आहे. आपली विळी आठवा. पातं जागेवर स्थिर असतं, म्हणून हाताला फक्त भाजी सांभाळावी लागते. एका हातानं चिरणाऱ्यांच्या पाटाला दोन-तीन खिळे उलटे ठोकलेले असतात, त्यांत बटाटा रुतवायचा, हेही त्याच विचारातून. उंच केलेलं कमोड गुडघ्याला कमी वाकवतं. लांब दांड्याचा कंगवा न उचलणाऱ्या खांद्याचं काम करतो.

काठी सगळ्यांना माहीत असते, पण धरायची कशी हे थोड्यांना. चपला घालून सरळ उभं राहा, हात मोकळा सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

फ्रेंच तत्त्वज्ञ मर्लो-पाँटी यांनी १९४५ च्या ग्रंथात दृष्टिहीन माणसाच्या काठीचा विचार केला आहे. सवय झाली की तो काठीला स्पर्श करत नाही, काठीच्या टोकानं रस्त्याला स्पर्श करतो. काठी ही वस्तू राहत नाही, ती शरीराचा भाग होते. आपण मात्र 'आंधळ्याची काठी' म्हणताना एकुलता मुलगा डोळ्यांपुढे आणतो. माणूसच आधार, वस्तू म्हणजे कमीपणा, असं काहीतरी त्यात दडलंय असं मला वाटतं.

पण साधन आपोआप शरीराचा भाग होत नाही. आम्ही घाईनं एक वॉकर आणला. माप घेतलंच नाही. तो न्हाणीघराच्या दारातून आत जाईना! तो माळ्यावर गेला. शेवटी भिंतीला धरायची दांडी, रबरी बुडाचं स्टूल आणि सुक्या फरशीवर काम भागलं. आधी काम पाहायचं, मग जागा, मग माणूस आणि शेवटी वस्तू. आपण उलट क्रमानं जातो.

पनवेलजवळ नेरे इथं कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. कुष्ठरोगात नसा बधिर झाल्या की गरम पेल्याचा चटका कळत नाही, चपलेतला खडा कळत नाही. कळत नाही म्हणून जखम होते आणि ती वाढत जाते. अशा पायासाठी मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या, एम.सी.आर. चपला वापरतात. भांड्याला लाकडी मूठ बसवतात. इथं वस्तू वेदनेचं काम करते, राखण करते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात अडीचशे कोटींहून अधिक लोकांना चष्म्यापासून चाकाच्या खुर्चीपर्यंत किमान एक तरी साधन लागतं. महाराष्ट्रात २०२४ पासूनच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ पूर्ण केलेल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकरकमी ३००० रुपये मिळतात. पात्र असाल तर जरूर अर्ज करा. मात्र पैशानं वस्तू येते, बसवून द्यायला जाणकार माणूस लागतो.

आता तुम्ही म्हणाल, 'आमचे वडील काठी घेतच नाहीत, लोक काय म्हणतील म्हणतात.' गंमत बघा, तेच वडील चष्मा बिनधास्त लावतात! तोही सहाय्यक साधनच आहे. चष्म्याची लाज गेली, तशी काठीचीही जाईल. तोवर 'काठी घ्या' असं सांगू नका. विचारा, 'तुम्हाला एकट्यानं कुठे जायचंय?' कोणी म्हणेल देवळात, कोणी म्हणेल कट्ट्यावर. मग काठीचं बोला.

माझी पत्नी अजूनही सांडते. आता मी पुसायलाही लगेच धावत नाही. प्रश्न असतील तर घेऊ.