गवळीराजाची आख्यायिका आणि प्रकाशा येथील पांढर

खानदेशात पडकी गढी, बुजलेली बारव किंवा हेमाडपंती मंदिराचे अवशेष आढळले की ते ‘गवळीराजाच्या वेळचे’ असे सांगितले जाते. नंदुरबार शहर नंद गवळ्याने वसविले, ही आख्यायिका १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्येही नोंदविलेली आहे. वैभवशाली, पण लोप पावलेल्या या राज्याच्या कथेमागे भौतिक पुरावा कितपत आहे, याचा विचार येथे केला आहे.

आख्यायिका सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. शिवदत्ताचा पुत्र आभीर राजा ईश्वरसेन याचा इ. स. च्या तिसऱ्या शतकातील शिलालेख नाशिकच्या पांडव लेण्यांत आहे. आभीर म्हणजे पशुपालक अहीर. अहिराणी या बोलीचे नावही त्यांच्याशी जोडले जाते. मात्र नंद गवळ्याचे नाव या लेखातून सिद्ध होत नाही. शिवाय हेमाडपंती म्हणविली जाणारी मंदिरे मुख्यतः यादवकालीन, म्हणजे ईश्वरसेनानंतर सुमारे आठ-नऊ शतकांनी उभी राहिलेली आहेत. लोकस्मृतीने हा सारा काळ एकाच राजाच्या पदरात टाकला आहे.

खरी प्राचीन वस्ती या कथेच्याही पलीकडची आहे. शहादा तालुक्यातील प्रकाशा हे तापी-गोमाई संगमावरील गाव ‘दक्षिण काशी’ म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बा. कृ. थापर यांनी १९५४-५५ मध्ये केले. सर्वांत खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगीन माळवा आणि त्यानंतर जोर्वे परंपरेची मृद्‌भांडी मिळाली. त्यांच्यासोबतची झिलईदार तांबडी मृद्‌भांडी सौराष्ट्रातील रंगपूरशी संबंध दर्शवितात. त्यानंतर वस्तीत काही शतकांचा खंड पडला. वरच्या थरांत लोखंड आले, उत्तरेकडील काळी झिलईदार मृद्‌भांडीही आली. येथे सुवर्णनगरी नव्हती. शेती व पशुपालन करणारी माणसे होती, आणि एकदा त्यांनी हे ठिकाण सोडले होते.

हे कळू शकले ते थरांचा क्रम शाबूत असल्यामुळेच. याउलट २००१ मध्ये खंबायतच्या आखातात बुडालेले नगर सापडल्याचे जाहीर झाले. सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा ठरलेला लाकडाचा तुकडा हा त्याचा मुख्य आधार होता. परंतु तो समुद्रतळ खरवडून काढलेला असल्याने कोणत्याही बांधकामाशी त्याचा संबंध जोडता आला नाही. जुने लाकूड म्हणजे जुने नगर नव्हे, हा आक्षेप अनेक पुरातत्त्वज्ञांनी घेतला, तो रास्तच होता.

पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याची दख्खनमधील रीत जुनी आहे. गुप्तधनाच्या आशेने होणारी खोदाई निराळीच. अशा मातीतून निघालेले खापर जोर्वे परंपरेचे आहे, हे जाणकार ओळखू शकेल. परंतु ते वस्तीतील खंडापूर्वीच्या शेवटच्या थरातले की त्याही आधीचे, हे त्याला सांगता येणार नाही.