एकोणतिसाचा गठ्ठा: शैक्षणिक साहित्याविषयीचे काही गैरसमज

पहिली-दुसरीच्या वर्गासाठी शिक्षक स्वतःच्या हातांनी जे काड्यांचे गठ्ठे, मण्यांच्या माळा, अक्षरकार्डे आणि मात्रांच्या पट्ट्या तयार करतात, त्यांना प्रशिक्षणाच्या परिभाषेत ‘शैक्षणिक साहित्य’ म्हटले जाते. पुणे शहरात या साहित्याची चर्चा बारमाही चालते, कारण पाठ्यपुस्तके तयार करणारी ‘बालभारती’ १९६७ पासून याच शहरात आहे, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावर आहे, आणि पुठ्ठा, कार्डशीट व रंगीत कागद यांसाठी शिक्षकांची पावले ज्या अप्पा बळवंत चौकाकडे वळतात तो तेथून फार दूर नाही. केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केल्यापासून, म्हणजे पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान हे सुरुवातीच्या इयत्तांचे घोषित उद्दिष्ट झाल्यापासून, या चर्चेला अधिकच जोर आला. तिच्याबरोबर काही समजुतीही रुजल्या असून त्या तपासून पाहण्याजोग्या आहेत.

सर्वांत पक्की समजूत अशी की मुलाने वस्तू हाताळली की संकल्पना आपोआप समजते. वास्तविक दहा काड्यांच्या गठ्ठ्यात ‘दशक’ दिसतो तो ज्याला दशक आधीच कळला आहे त्याला. नवख्या मुलाला तेथे रबरबँड लावलेल्या काड्याच दिसतात, आणि त्यात त्या मुलाची काहीच चूक नसते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेबोरा बॉल यांनी १९९२ साली याच भाबड्या विश्वासावर बोट ठेवून, वस्तूंमध्ये गणित आयते भरलेले नसते असा इशारा दिला होता. पुढे २०१३ मध्ये ५५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात साहित्य वापरून शिकवण्याचा फायदा दिसला खरा, परंतु शिकलेले लक्षात राहण्यावर त्याचा परिणाम तुलनेने मोठा, तर तेच ज्ञान नव्या प्रश्नात वापरण्यावर लहान आढळला. जेरोम ब्रूनर यांनी शिकण्याच्या ज्या तीन पातळ्या सांगितल्या, म्हणजे कृतीतून, चित्रातून आणि चिन्हातून, त्यांचे सांधे जुळवणे हेच साहित्याचे खरे काम असते. म्हणून काड्या बाकावर असतानाच शब्द उच्चारला जावा, अंक पाटीवर लिहिला जावा, आणि काही दिवसांनी त्या काड्या पिशवीत परत जाव्यात, हे नियोजन साहित्य बनवण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

दुसरी समजूत साहित्याच्या देखणेपणाविषयीची आहे. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यानंतर ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते हा विचार, राज्यभर पोहोचला आणि अनेक शाळांच्या फरशांवर अक्षरे, आलेख आणि संख्यापट्ट्या रंगल्या. त्यांतील ज्या फरशांवर मुले बसून खरोखर काम करत राहिली त्या सार्थकी लागल्या. जेथे पाहुण्यांना दाखवणे हाच उपयोग उरला तेथे खर्च रंगाचाच झाला. संशोधनाच्या अंगाने पाहता वस्तू जितकी मोहक तितकी ती गणितासाठी अडचणीची ठरू शकते, कारण लहान मुलाला एकाच वस्तूकडे ‘ती वस्तू’ आणि ‘दुसऱ्या कशाची तरी खूण’ अशा दोन्ही नजरांनी एकाच वेळी पाहावे लागते. जुडी डिलोश आणि डेव्हिड उटाल या मानसशास्त्रज्ञांनी ही अडचण तपशिलाने मांडली आहे. प्लॅस्टिकचा छोटा हत्ती मुलाला मोजायचा नसतो, चालवायचा असतो. चिंचोका मात्र निमूटपणे मोजून घेतो.

काही मुले ‘पाहून’, काही ‘ऐकून’ आणि काही ‘हाताने’ शिकतात, तेव्हा कृतिसाहित्य तिसऱ्या प्रकारच्या मुलांसाठी राखावे, हाही सल्ला प्रशिक्षणवर्गांतून ऐकू येतो. मुलांची अशी विभागणी करून त्यानुसार शिकवल्याने शिकणे सुधारते याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास तपासून काढला असून, त्यावर येथे अधिक शब्द खर्चण्याचे कारण नाही.

महागड्या संचाशिवाय भागत नाही ही समजूत तर महाराष्ट्रात फार पूर्वीच खोटी ठरली आहे. माँटेसोरी पद्धतीचे घोटीव लाकडी साहित्य गरीब वस्तीला परवडणारे नाही, हे ओळखून ताराबाई मोडक आणि पुणे जिल्ह्यातील मोरगावी जन्मलेल्या अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, खडे, शंख-शिंपले, पाने आणि बिया यांतूनच बालशिक्षणाचे साहित्य उभे केले. पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत दीर्घकाळ काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर भूमितीच्या आकृत्या करून दाखवल्या, ज्यांत त्रिकोण ताठ राहतो आणि चौकोन दाबताच कलतो, हा गुणधर्म मुलाच्या बोटांनाच कळतो. स्वस्त म्हणजे आपोआप चांगले, असा उलटा निष्कर्ष मात्र यातून काढू नये; येथे काडी निवडली गेली ती ताठ आणि समान लांबीची असल्यामुळे.

वाचनाच्या बाबतीत गैरसमज वेगळ्या जातीचा आहे. वाळूत किंवा खरखरीत कागदावर अक्षर गिरवून घेतले की वाचनाचा पाया झाला, आणि सर्व मुळाक्षरे संपल्यावरच स्वरचिन्हांना हात घालावा, असे अनेक ठिकाणी गृहीत धरले जाते. देवनागरीत मात्र सुट्या व्यंजनचिन्हातच ‘अ’ मुरलेला असतो आणि इतर स्वर त्याला चिकटून येतात, त्यामुळे मात्रांवाचून मुलाच्या वाट्याला ‘कमळ’, ‘गवत’ अशा मोजक्या शब्दांपलीकडे फारसे काही येत नाही. ‘आई’ हाताशी असते, पण ‘बाबा’, ‘पाणी’, ‘पुणे’ हे शब्द महिनोन्‌महिने दूर राहतात. फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी घडवलेल्या वाचन-लेखनाच्या पद्धतीत म्हणूनच थोडी अक्षरे आणि त्यांच्याबरोबर मात्रा लवकर देऊन मुलाला अर्थपूर्ण शब्दांपर्यंत नेले जाते. साहित्य बनवायचे तर ते याच सांध्यावर बनवावे: जुन्या पारदर्शक फाइलच्या तुकड्यावर काना, वेलांटी, उकार यांच्या पट्ट्या काढून त्या अक्षरकार्डावर ठेवल्या की एकाच ‘क’चे का, की, कु होताना दिसतात, आणि ऱ्हस्व वेलांटी कार्डाच्या डाव्या बाजूने येते पण उच्चारात व्यंजनानंतर ऐकू येते ही गोम मुलाला स्वतःच सापडते. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही जवळची चिन्हे शेजारी ठेवून फरक शोधण्याची कार्डेही अशीच उपयोगी पडतात. गावांच्या नावांच्या भेंड्यांना तर कार्डही लागत नाही. शब्दाचा शेवटचा आवाज पकडणे हे ध्वनिजाणिवेचे, म्हणजे बोललेल्या शब्दातील सुटे आवाज ओळखण्याचे, काम त्या खेळात पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे.

गणिताचे साहित्य कोणत्याही भाषेत सारखेच चालते, ही शेवटची समजूत सर्वांत कमी तपासली गेलेली आहे. कन्नड किंवा तेलुगूत ‘वीस-एक’ अशा क्रमाने संख्या बोलली जाते, तर मराठीत लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी येतो, त्यामुळे ‘त्रेचाळीस’ ऐकून ३४ लिहिणारे मूल कानांवर विश्वास ठेवत असते. त्यात भर म्हणजे बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बाहत्तर, ब्याण्णव या नावांत ‘दोन’ हा शब्द कोठेच ऐकू येत नाही, आणि पन्नास, साठ, सत्तर यांची रूपेही जोडाक्षरांत विरघळतात. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांच्या समितीने बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात रूढ नावांबरोबर ‘वीस एक’, ‘सत्तर पाच’ अशी वाचने दिली, त्यावरून जून २०१९ मध्ये विधिमंडळापासून समाजमाध्यमांपर्यंत गदारोळ झाला. त्या वादात भाषेच्या अस्मितेवर पुष्कळ बोलले गेले, मुलाच्या अडचणीवर कमी. नवी वाचने जुन्या नावांना हटवण्यासाठी नव्हती, आणि जुनी नावे कठीण आहेत हेही नाकारण्याजोगे नव्हते.

या अडचणीवर बाजारातील तयार संच गप्प असतो. उत्तर वर्गातच बनवावे लागते. ४० चे रुंद कार्ड आणि त्याच्या शून्यावर बरोबर बसेल असे ३ चे अरुंद कार्ड केले, तर ‘त्रे’ म्हणताना मूल ३ उचलते, ‘चाळीस’ म्हणताना तो ४० वर ठेवते, आणि बोलण्याचा क्रम उलटा असूनही अंकाची जागा चुकत नाही. त्याआधी मात्र खराट्याच्या काड्यांचे गठ्ठे मुलांनी स्वतः बांधलेले हवेत, कारण गठ्ठ्यात दहा काड्या प्रत्यक्ष असतात. खेळातील दहा रुपयांची नोट एका रुपयाच्या नाण्याच्या दहापट मोठी नसते, म्हणून ती वरच्या पायरीवर, नंतरच यावी. वजाबाकीत दशक ‘उसना’ घ्यायचा म्हणजे गठ्ठा सोडायचा, हेही तेव्हाच नुसते म्हणण्यापुरते राहत नाही.

‘एकोण’ हा शब्द तर गठ्ठ्यांसाठीच घडवल्यासारखा आहे. त्याचा अर्थ ‘एकाने कमी’, तेव्हा तीन गठ्ठे ठेवून त्यांतील एकातून एक काडी काढली की समोर दोन गठ्ठे व नऊ सुट्या काड्या उरतात, आणि एकोणतीस हे नाव २९ या लेखनाशी कसे जुळते ते दिसते. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणनव्वद, सगळीकडे हीच कृती लागू पडते. दहा गठ्ठ्यांतून एक काडी काढल्यावर मात्र नियम मोडतो, कारण मराठीत त्या संख्येला ‘नव्व्याण्णव’ म्हणतात. तेथे जे मूल ‘एकोणशंभर’ म्हणते, त्याला गठ्ठे समजलेले असतात.