बॅटरी का उतरली?

थंडीच्या दिवसांत पहाटे किल्ली फिरवली की जुनी गाडी नुसता 'खट्' आवाज करते आणि गप्प बसते, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. मग शेजारपाजारचे गोळा होतात, गाडीला धक्का मारला जातो आणि एकदाची ती सुरू झाली की सगळे एका सुरात सांगतात, "बॅटरी गेली, नवी घ्या!"

पण दोष खरंच बॅटरीचा असतो का?

आमचं सुलतानपूर लोणार तालुक्यातलं गाव. रात्री-अपरात्री कुणाला मेहकरच्या दवाखान्यात न्यायचं झालं, की जी गाडी दारात उभी असेल तीच कामाला येते. तिनं ऐनवेळी 'खट्' केलं तर? शिवाय नव्या बॅटरीला काही हजार रुपये पडतात. एवढे पैसे घालून आठ दिवसांत पुन्हा तेच झालं, तर गाडीवाल्यानं कुणाकडे पाहावं? म्हणून आज आपण गुप्तहेर होऊन याचा तपास करू या.

रांजण कुणी रिकामा केला?

बॅटरी म्हणजे घरातला पाण्याचा रांजण समजा. रांजण पाणी साठवतो, ते आणावं लागतं विहिरीवरून. बॅटरीचंही तसंच. इंजिन सुरू करताना ती वीज देते. नंतर इंजिनच्या जोरावर फिरणारा डायनामो किंवा अल्टरनेटर वीज तयार करतो, गाडीचे दिवे चालवतो आणि बॅटरीही पुन्हा भरतो.

आता सकाळी रांजण रिकामा दिसला, तर कारणं किती? एक, रांजणच तडकला. दोन, विहिरीवरून पाणी आलंच नाही. तीन, पाणी निघालं पण वाटेत अडलं. चार, रात्रभर नळ ठिबकत राहिला. आपले संशयित हे चारच, बरं का!

सायकलचा डायनामो आठवा

तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेनं 1831 साली दाखवून दिलं. सायकलचा डायनामो याच तत्त्वावर चालतो. तुमच्या आजोबांना विचारा, ते सांगतील : पायडल हळू मारलं की दिवा मिणमिणायचा, जोरात मारलं की लख्ख व्हायचा. 1960च्या दशकातल्या फियाट आणि अॅम्बॅसेडर गाड्यांतही डायनामोच असे. गाडी उभी राहून इंजिन हळू चालू लागलं, की तिचेही दिवे मंद होत. ती खोड होती, बिघाड नव्हे!

अमेरिकेत 1960 साली क्रायस्लर कंपनीनं आपल्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसवला. पुढे तो सगळीकडे आला. इंजिन हळू चाललं तरी तो पुरेशी वीज देतो. मात्र ही वीज सारखी दिशा बदलत असते आणि बॅटरीला एकाच दिशेची वीज लागते. म्हणून त्यात डायोड बसवलेले असतात. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं फाटक.

तपासाला सुरुवात

चांगला मिस्त्री आधी पाना उचलत नाही, आधी डोळे वापरतो. या कामात तुम्ही मोठ्या माणसाशेजारी उभं राहून पाहायचं, हात त्यांनी लावायचा. बॅटरीत गंधकाचं आम्ल असतं आणि तिच्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. म्हणून तिथे काडी, विडी, उदबत्ती काही नको. इंजिन चालू असताना ओढणी, वेणी, सैल बाह्या पट्ट्यापासून लांबच हव्यात.

पहिली पायरी, बॅटरीची टोकं. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली आहे का? वायरचं तोंड ढिलं आहे का? असेल तर 'पाणी वाटेत अडलं'! इंजिन बंद करून मोठ्या माणसानं वायर सोडवावी, आधी उण्या टोकाची. मग बॅटरीची झाकणं घट्ट लावून ती भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवावी. सोडा आम्लाला मारतो. आमच्या लोणार सरोवराच्या पाण्यातही सोड्याचे क्षार आहेत, म्हणून ते इतकं खारट-तुरट. बॅटरीत भरायला मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरच हवं. विहिरीच्या पाण्यातले क्षार बॅटरीचं आयुष्य कमी करतात.

दुसरी पायरी, पट्टा. इंजिनच्या जोरानं अल्टरनेटरला फिरवतो तो रबरी पट्टा. इंजिन बंद असताना त्याच्या मधोमध अंगठ्यानं दाबलं, तर तो साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा. त्याहून खूप जास्त दबला, तर तो घसरतो आणि अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही. गाडी सुरू होताना 'चीं...' असा आवाज येतो तो बहुतेक याचाच. पट्टा ताणला की काम झालं, खर्च जवळजवळ शून्य!

तिसरी पायरी, लाल दिवा. किल्ली फिरवली पण इंजिन अजून सुरू नाही, अशा वेळी बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. विझला नाही, तर वीज तयार होत नाही. आता गंमत ऐका. दिवा आधी लागलाच नाही, तर पुष्कळजण खूश होतात, पण तेही वाईटच. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारी सुरुवातीची वीज याच बल्बातून जाते. त्यामुळे एवढासा बल्ब उडाला, तरी चार्जिंग बंद पडू शकतं!

चौथी पायरी, मीटर. गाडी काही तास उभी असताना बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजायचे. बॅटरीत सहा घरं, प्रत्येकाचे सुमारे 2.1 व्होल्ट, म्हणजे भरलेली बॅटरी 12.6 दाखवते. 12.2च्या आसपास म्हणजे अर्धी. आता इंजिन सुरू करून पुन्हा मोजायचे. अल्टरनेटरच्या गाडीत आकडा 13.8 ते 14.4च्या आसपास हवा. तो 12च्या घरातच राहिला, तर 'विहिरीवरून पाणी येत नाही' : आतले कार्बन झिजले असतील, डायोड गेला असेल किंवा रेग्युलेटर बिघडला असेल. आकडा 15च्या वर गेला, तर रेग्युलेटर विजेला आवर घालत नाही. बॅटरी तापते, तिचं पाणी आटतं. आणि सगळं नीट असून, बॅटरी भरलेली असूनही किल्ली फिरवताच आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर मात्र 'रांजण तडकला'. तेव्हा नवी बॅटरी घ्या, खुशाल!

हे मात्र करू नका

काही लोक चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढतात आणि 'गाडी बंद पडली नाही, म्हणजे चार्जिंग ठीक' असं म्हणतात. डायनामोच्या काळची ही सवय. अल्टरनेटरच्या गाडीत असं केलं, तर विजेचा दाब एकदम उसळून डायोड जळू शकतात. दोष शोधायला गेलो आणि नवा करून आलो!

आणि एक, लहान खर्चाची शंका आधी फेडायची, मोठ्याची नंतर. आधी टोकं, मग पट्टा, मग बल्ब, मग कार्बन. बॅटरी आणि अल्टरनेटर सर्वांत शेवटी. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर 2023पर्यंत धावत होत्या. एवढ्या जुन्या गाड्या चालत्या ठेवायच्या, तर हा क्रम सोडून कसं चालेल?

आता तुमची पाळी

एका गाडीची बॅटरी नवी आहे. टोकं स्वच्छ, पट्टा घट्ट. लाल दिवा वेळेवर लागतो, वेळेवर विझतो. इंजिन चालू असताना मीटर 14.2 दाखवतो. तरी दोन रात्री गाडी उभी राहिली, की तिसऱ्या सकाळी 'खट्'! चौघांपैकी गुन्हेगार कोण?

(उत्तर : चौथा, ठिबकणारा नळ. झाकण लावलं तरी डिकीतला दिवा आत पेटतच राहत होता!)