पुण्यवर्मा कोण? वत्सगुल्माच्या राजपित्याचे कोडे

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे हे ठिकाण पाचव्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. या शाखेचा पत्ता इतिहासाला लागला तो १९३९ साली वाशीम येथे मिळालेल्या, राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या ताम्रपटामुळे. त्यातील वंशवर्णन संस्कृतात असून पुढील मजकूर प्राकृतात आहे. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील शिलालेखात सुदर्शन नावाच्या तलावाचा उल्लेख असून त्यावर शके ३८०, म्हणजे इसवी सन ४५८, हा काळ कोरलेला आहे. हा लेख राजा देवसेनाच्या काळचा. या देवसेनाचा पुत्र म्हणजे हरिषेण. त्याच्याच राजवटीत अजिंठ्याची अनेक उत्तरकालीन लेणी घडली.

हा हरिषेण एका संस्कृत कथाग्रंथातही वावरत असावा, असे काही विद्वानांचे मत आहे. तो ग्रंथ म्हणजे दंडीचे ‘दशकुमारचरित’. आजच्या अर्थाने ती ऐतिहासिक कादंबरी नव्हे. तरीही तिच्या आठव्या उच्छ्वासातील विश्रुताच्या कथेत इतिहासाचे धागे दिसतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या कथेत वाकाटकांच्या ऱ्हासाचे प्रतिबिंब पाहिले. पुढे अमेरिकन कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या कालक्रमाची मांडणी करताना तिचा मोठा आधार घेतला. या मतानुसार कथेतील विदर्भराज पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण.

कथा अशी. विंध्याच्या अरण्यात विश्रुताला विहिरीकाठी सुमारे आठ वर्षांचा एक मुलगा भेटतो. त्याचा वृद्ध सेवक नालीजंघ विहिरीत पडलेला असतो. विश्रुत त्याला वर काढतो आणि मग तो मुलाच्या घराण्याची हकीकत सांगतो. मुलाचा आजा पुण्यवर्मा सर्वगुणसंपन्न होता. बाप अनंतवर्मा बुद्धिमान व कलानिपुण, परंतु दंडनीतीविषयी बेफिकीर. पित्याच्या काळचा वृद्ध मंत्री वसुरक्षित त्याला सावध करतो. पण विहारभद्र नावाचा खुशामतखोर त्या उपदेशाची टर उडवतो. अश्मकराज वसंतभानूच्या मंत्र्याचा पुत्र चंद्रपालित, बापाने हाकलून दिल्याची बतावणी करून, दरबारात शिरतो आणि राजाला मृगया, द्यूत, स्त्रिया व मद्य यांच्या नादी लावतो. अखेर अश्मकाच्या कारस्थानाने वनवासीचा राजा चालून येतो, मांडलिक उलटतात आणि अनंतवर्मा मारला जातो.

येथे एक शंका दूर केली पाहिजे. विहारभद्र या नावात बौद्ध विहारावर कटाक्ष शोधण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. पालीत ‘विहार’ म्हणजे वसतिस्थान किंवा चित्ताची स्थिती. संस्कृतात त्याच शब्दाचा अर्थ मौज, क्रीडा असाही आहे, आणि या पात्राला तोच शोभतो.

खरे कोडे पुण्यवर्म्याचे आहे. एवढ्या गुणी पित्याचा पुत्र असा का निपजला, याचे उत्तर दंडी देत नाही. पिता पुत्राशी एक शब्दही बोलत नाही. विशेषणांच्या एका लांबलचक माळेत तो येतो आणि दिवंगत होतो. ही माळ कोणाच्या तोंडची, हे मात्र लक्षात घ्यावे. घराण्याचे अन्न खाल्लेला वृद्ध सेवक ती धन्याच्या नातवादेखत गुंफतो आहे. तीत दोन गोष्टी आहेत. पहिली, हा राजा चातुर्वर्ण्याला मनूच्या मार्गाने नेणारा होता. दुसरी, तो निवर्तला तो प्रजेच्या अपुण्यामुळे. म्हणजे पुण्य राजाचे आणि दोष प्रजेचा! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन पाहिलेल्या समाजाच्या वारसांना या स्तुतीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता शिलालेखांकडे वळू. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखात हरिषेणाचे गुणगान आहे. तेही त्याचा सचिव वराहदेव याचे, म्हणजे पुन्हा सेवकाचेच. लेण्याचा दाता राजा नव्हे, वराहदेव आहे. आयुष्य, वय, धन आणि सुख चंचल आहेत हे जाणून त्याने आपल्या माता-पित्यांसाठी ते कोरविले. त्याच लेखात देवसेन राज्यभार वराहदेवाचा पिता हस्तिभोज याच्यावर सोपवून सुखोपभोगात रमला, असे कौतुकाने सांगितले आहे. जी गोष्ट कथेत अनंतवर्म्याचा नाश करते, ती येथे आजोबांचे भूषण ठरते! हरिषेणाच्या स्वतःच्या धर्माविषयी मात्र हा लेख काहीच सांगत नाही. कथेतील कपटी अश्मकही लेखांत वेगळा दिसतो. सव्विसाव्या लेण्याच्या लेखात भिक्षू बुद्धभद्र अश्मकराजाचा मंत्री भव्विराज याचे कृतज्ञतेने स्मरण करतो.

म्हणून हरिषेणाला ‘बौद्ध सम्राट’ म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. पुण्यवर्मा तोच असेल, तर मनुमार्गाची प्रशंसाही त्याच्या पदरात पडते. तो नसेल, तर कथेचा पुरावाच गळून पडतो. अजिंठ्याचे श्रेय आपण दात्यांना, भिक्षुसंघाला आणि ज्यांची नावे कोरली गेली नाहीत त्या शिल्पी-चित्रकारांना द्यावे.

कथेतील पित्याच्या मौनाचे उत्तर आम्हाला दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्तात सापडते. तेथे प्रव्रजित झालेला राजा पुत्राला स्पष्ट सांगतो की, चक्ररत्न ही वडिलार्जित मालमत्ता नव्हे; आर्य चक्रवर्तिव्रत पाळशील तरच ते प्रकट होईल. पुत्र व्रत विचारतो, पिता ते समजावतो. पुढे एक राजा न विचारता स्वमताने राज्य करू लागतो आणि राज्य उतरणीला लागते. अमात्यांनी व्रत सांगितल्यावर तो रक्षणाची व्यवस्था करतो, परंतु निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून शस्त्र. सुत्त ऱ्हासाचे कारण राजाच्या कर्तव्यच्युतीत शोधते. नालीजंघ पित्याच्या मृत्यूचा दोष प्रजेच्या माथी मारतो. दोन परंपरांतील हे अंतर केवळ साहित्यिक नाही.

आपल्या घरांतही हा प्रश्न आहे. १९५६ साली दीक्षा घेतलेल्या पिढीची छायाचित्रे आपण भिंतीवर लावतो, त्यांची विशेषणे मुलांना ऐकवतो. पण धम्म वारसाहक्काने उतरत नाही. मुलांनी विचारले पाहिजे आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्याशी बोलले पाहिजे. नाहीतर आपणही नातवंडांसाठी विशेषणांची एक माळ तेवढी मागे ठेवू.