शब्दाचे कूळ आणि त्याचा उच्चार

रसायनशास्त्राचे इंग्रजी पुस्तक स्वतःच्या बळावर वाचू लागलेला मराठी विद्यार्थी 'कॅटायन' या शब्दापाशी आला, की 'नेशन', 'स्टेशन' या नित्य परिचयाच्या शब्दांची वहिवाट स्मरून तो त्याचा उच्चार बहुधा 'केशन' असा करतो. आणि त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही, कारण शेवटची अक्षरे सर्वत्र तीच आहेत. मात्र हा शब्द कोणी आणि कशासाठी घडवला हे एकदा कळले म्हणजे ही चूक पुन्हा होत नाही. विद्युत्प्रवाहाने द्रव्यांचे विघटन कसे होते याचा शोध घेणाऱ्या मायकेल फॅरडे यांना नव्या कल्पनांसाठी नवी नावे हवी होती, आणि १८३४ साली केंब्रिजचे बहुश्रुत पंडित विल्यम ह्यूएल यांनी त्यांना ग्रीक भाषेच्या आधाराने 'ॲनोड', 'कॅथोड', 'आयन' अशी नावे सुचवली. 'आयन' म्हणजे जाणारा. 'कॅटायन' म्हणजे खाली जाणारा. शब्द कोठे जोडला आहे हे दिसले, की 'कॅट' आणि 'आयन' हे दोन तुकडे जिभेवर आपोआप सुटे पडतात. या ग्रीक 'आयन'चे संस्कृतातील 'इ', म्हणजे जाणे, या धातूशी सख्खे नाते आहे. 'उत्तरायण', 'दक्षिणायन' यांतील 'अयन' त्याच धातूचे.

अपरिचित इंग्रजी शब्द समोर आला असता त्याचा अर्थ आणि त्याचा उच्चार या दोन स्वतंत्र अडचणी आहेत असे समजून आपण त्या निरनिराळ्या सोडवू पाहतो. माझ्या मते दोहोंचे उत्तर पुष्कळदा एकाच दप्तरात सापडते, आणि ते दप्तर म्हणजे त्या शब्दाचे कूळ. ही गोष्ट मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. 'चक्र' या तत्सम शब्दातला चकार आपण तालव्य उच्चारतो आणि त्याच 'चक्र'पासून लोकांच्या तोंडी उतरलेल्या 'चाक' या शब्दातला चकार दंततालव्य. अक्षर एक, मूळही एक, परंतु एक शब्द पोथीतून आला आणि दुसरा पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोलण्यातून झिजत आला, म्हणून उच्चार दोन. हा भेद आपल्याला कोणी शिकवलेला नसतो, तरी आपण तो पाळतो.

इंग्रजीतील 'सी' आणि 'एच' या जोडअक्षराचा कारभार नेमका असाच चालतो. 'चाइल्ड', 'चिन' हे मूळचे इंग्रजी शब्द. तेथे त्याचा 'च' होतो. 'कॉलरा', 'कोरस', 'कॅरेक्टर', 'क्रोमियम' यांचे मूळ ग्रीक. तेथे 'क' होतो. 'पॅराशूट', 'शेफ', 'शॅम्पेन' हे फ्रेंचांकडून आले, तेथे 'श'. 'मशीन' आणि 'मेकॅनिक' हे दोन शब्द तर एकाच ग्रीक शब्दाची संतती आहेत. पण पहिला फ्रेंचांच्या घरी राहून आला आणि दुसऱ्याने विद्वानांच्या लेखणीत आपले ग्रीक वळण टिकवले, म्हणून लिहिण्यात दिसणारे त्यांचे साम्य बोलण्यात लोपले. 'आर्चबिशप' आणि 'आर्किटेक्ट' यांच्या आरंभी एकच ग्रीक उपसर्ग आहे, परंतु पहिला शब्द धर्माबरोबर फार प्राचीन काळी इंग्रजीत शिरला आणि तेथल्या जिभेला सरावला. दुसरा कित्येक शतकांनी, ग्रंथांच्या वाटेने आला. आदिम अव्यवस्था या अर्थाचा 'केऑस' हा शब्दही याच ग्रीक वर्गातला, आणि सतराव्या शतकात ब्रुसेल्सचे रसायनज्ञ यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट यांनी त्यावरूनच 'गॅस' हे नाव बनवले. डच भाषेत 'जी' या अक्षराचा उच्चार घशातून, 'ख'च्या जवळपास होतो हे ध्यानात घेतले म्हणजे 'केऑस'चा 'गॅस' कसा झाला याचा उलगडा होतो. आज घरोघर उच्चारला जाणारा हा शब्द एका व्यक्तीच्या लेखणीतून निघालेला आहे.

'सायकॉलॉजी', 'न्युमोनिया', 'टेरोडॅक्टिल' यांच्या आरंभी लिहिला जाणारा 'पी' निरर्थक नव्हे. ग्रीक माणूस तो उच्चारत असे. इंग्रजी जिभेला शब्दारंभीचे ते जोडाक्षर पेलत नाही, म्हणून तिने पहिला वर्ण सोडला. आपल्या खेड्यापाड्यांतील माणसाने 'स्टेशन'चे 'टेसन' केले तेही याच न्यायाने, आणि त्याला अडाणी ठरवणाऱ्यांनी इंग्रजांच्या या 'पी'कडे एकवार पाहावे. 'टेरॉन' म्हणजे पंख, 'डॅक्टिल' म्हणजे बोट. ज्या लुप्त प्राण्याचा पंख एका लांबलचक बोटाच्या आधारे ताणलेला असे त्याचे हे नाव. परंतु हाच पंखवाचक शब्द समासाच्या उत्तरपदी आला, की मागील स्वराचा आधार मिळून 'पी' पुन्हा बोलू लागतो: दोन पंखांच्या माश्या व डास यांचा गण 'डिप्टेरा', खवल्यांच्या पंखांच्या फुलपाखरांचा 'लेपिडोप्टेरा'. 'हेलिकॉप्टर' हा शब्दही 'हेलिको', म्हणजे मळसूत्री, आणि 'प्टर', म्हणजे पंख, असाच तोडावयाचा. १८६१ साली एका फ्रेंच गृहस्थाने तो घडवला. पुढे लोकांनी तो 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा भलत्याच सांध्यावर मोडला आणि त्यातून 'हेलिपॅड' निघाले. या ग्रीक पंखाचे संस्कृतातील 'पत्' धातूशी, आणि म्हणून आपल्या 'पतंगा'शी, नाते आहे, हे कळल्यावर 'लेपिडोप्टेरा' पाठ करण्याचा शीण निम्मा होतो.

सगळीच मुकी अक्षरे मात्र इतकी प्रामाणिक नाहीत. कर्ज या अर्थाचा 'डेट' हा शब्द फ्रेंचांकडून 'बी'वाचूनच आला होता. लॅटिन मूळ दिसावे म्हणून पंडितांनी लेखनात 'बी' घातला, जो बँकेच्या 'डेबिट'मध्ये रीतसर ऐकू येतो. बेटाला 'आयलंड' म्हणताना लिहावा लागणारा 'एस' तर निव्वळ गैरसमजाचा. कफवाचक 'फ्लेम'मधला 'जी' मुका असला तरी 'फ्लेग्मॅटिक'मध्ये तो जागा होतो, तसाच 'साइन'मधला 'सिग्नेचर'मध्ये.

'कर्नल' या शब्दाचा दाखला मला विशेष मोलाचा वाटतो. मूळ इटालियन शब्दात लकार, फ्रेंचांनी त्याचा एके काळी रकार केला. इंग्रजांनी अखेर लेखणीत इटालियन रूप ठेवले आणि तोंडात फ्रेंच. मराठीने तो शब्द कानाने उचलला म्हणून ती या घोटाळ्यातून सुटली. ज्यांना इंग्रजी केवळ छापील पानावरून शिकावी लागते त्यांना ही सोय नाही, आणि त्यांच्या उच्चारांना हसणे अन्यायाचे आहे. त्यांनी कोशातील अर्थ पाहून न थांबता, शेजारी बारीक टायपात दिलेली व्युत्पत्तीही अवश्य वाचावी.

तेथे कधी कधी आपलेही नाव आढळते. 'मंगूस' हा इंग्रजी शब्द आपल्या 'मुंगूस'वरून, सतराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे गेला. त्याचा शेवट हंसवाचक 'गूस'सारखा दिसतो खरा, आणि 'गूस'चे अनेकवचन 'गीस' होते. पण मुंगसाचा हंसाशी काही संबंध नसल्यामुळे, एकाहून अधिक मुंगसे असली तर इंग्रजीत 'मंगूसेस' असेच म्हणतात.