नगरसेवक कसा असावा? जोतीरावांचा पुणे नगरपालिकेतला धडा



एप्रिल आला की आपल्या वस्त्यांत जयंतीची तयारी सुरू होते. ११ तारखेला महात्मा जोतीराव फुले, १४ तारखेला बाबासाहेब. जोतीरावांच्या प्रतिमेला हार घालताना आपण मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, 'गुलामगिरी' यांची आठवण काढतो. पण हेच जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, म्हणजे आजच्या भाषेत नगरसेवक होते, हे घराघरांत फारसे बोलले जात नाही.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी विचारेल. मी बरीच वर्षे परिचारिका म्हणून वॉर्डात काम केले आहे. जुलाब-उलट्यांचे मूल सलाईन लावून बरे होते, आई त्याला घरी नेते आणि आठवड्याने त्याच गल्लीतले दुसरे मूल येते. केसपेपरवर आजाराचे नाव लिहिले जाते. नळाची पाइपलाइन गटारातून गेली आहे, हे लिहायला त्या कागदावर जागा नसते. ती पाइप बदलणे डॉक्टरच्या हातात नाही, नर्सच्याही नाही. ते महापालिकेचे काम आहे आणि ते करून घेण्यासाठीच आपण नगरसेवक निवडून देतो. म्हणून या महिन्यात गोळ्या-औषधांऐवजी नगरसेवकाविषयी बोलू.

हौद आधी, पद नंतर

जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घराजवळचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तेव्हा ते कुठल्याही पदावर नव्हते. ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर जाण्याची बंदी, त्यांनी पाणी आणायचे कुठून? मिळेल ते, साचलेले, गढूळ पाणी प्यायचे आणि आजारी पडायचे. हौद खुला करणे हे जातीविरुद्धचे पाऊल होते, तसेच ते आरोग्याचेही काम होते. त्याआधी १८६३ मध्ये त्यांनी आणि सावित्रीमाईंनी विधवांच्या सुरक्षित बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. आजच्या भाषेत ते प्रसूतिगृहच.

म्हणजे नगरपालिकेत जाण्यापूर्वी त्यांनी लोकांचे दुखणे जवळून पाहिले होते. उमेदवार तपासण्याची ही पहिली कसोटी धरा. पद मिळण्याआधी या माणसाने आपल्या वस्तीसाठी काय केले?

एक हजार रुपये आणि एक विरोधी मत

जोतीराव सदस्य असताना व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव नगरपालिकेत आला. बत्तीस सदस्यांपैकी एकट्या जोतीरावांनी त्याविरुद्ध मत दिले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. लक्षात घ्या, तेव्हाचे हे सदस्य सरकारने नेमलेले होते. ज्या सरकारने नेमले, त्याच सरकारच्या बड्या साहेबाच्या स्वागताला नाही म्हणायला धाडस लागते.

पुण्यात मोठ्या खर्चाने मंडईची इमारत बांधण्यालाही त्यांचा विरोध होता. आधी शिक्षणासाठी पैसा द्या, हेच त्यांचे मत होते. १८८६ मध्ये ती मंडई 'रे मार्केट' या नावाने उभी राहिली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. नाव दिले हे चांगलेच झाले. पण त्या इमारतीवरून जाताना जोतीरावांचा मूळ प्रश्नही आठवावा: लोकांचा पैसा आधी कशावर?

आज हाच प्रश्न आपल्या प्रभागात विचारायचा आहे. वस्तीत सार्वजनिक शौचालयाच्या दाराला कडी नाही, आणि कोपऱ्यावर नगरसेवकाच्या नावाची कमान आणि बाकडी चकचकीत. बाकडे नको असे कोण म्हणेल? पण आधी कडी, मग बाकडे. आणि खरे सांगायचे तर हा प्रश्न आपल्या जयंती मंडळांनाही लागू आहे. डीजेच्या भाड्यातून वस्तीतल्या वयस्कर मंडळींची रक्तदाब आणि साखर तपासणी विहारातच करता येईल.

दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र

पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा जुलै १८८० मध्ये जोतीरावांनी नगरपालिकेला पत्र लिहून विरोध केला. त्यांचा मुद्दा आजही तंतोतंत लागू पडतो. एकीकडे नगरपालिका लोकांच्या आरोग्यावर पैसा खर्च करते आणि दुसरीकडे दारूची दुकाने तेच आरोग्य आणि संसार बुडवतात.

दारूमुळे यकृत जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण घराचा पैसा जातो, बाईच्या अंगावर वळ उठतात, टीबीचे औषध मध्येच सुटते आणि आजार उलटतो, हेही दारूचेच आजार आहेत. आपल्या राज्यात प्रभागातील पंचवीस टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर दारू दुकान बंद करण्यासाठी मतदान घेण्याची तरतूद आहे. 'आडवी बाटली' म्हणून आपण जे ऐकतो, ते हेच. नगरसेवक या कामात बायकांच्या बाजूने उभा राहतो की दुकानदाराच्या, हे नीट पाहा.

पद नसलेली सावित्रीमाई

जोतीराव १८९० मध्ये गेले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. सावित्रीमाईंनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांना बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना सुरू झाला. रुग्णांची सेवा करताना माईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या काळी बाईला नगरपालिकेत जागा नव्हती, मतही नव्हते. आज महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्या जागेवर बसलेली बाई स्वतः बोलते की तिचा नवरा बोलतो, हे विचारण्याचा हक्क माईंच्या लेकींना आहेच.

ठराव झाला, पाणी कुठे?

महाडचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. तरी त्यातला नगरपालिकेचा भाग पुन्हा आठवा. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. पुढे त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडले.

चांगला सदस्य सभागृहात ठराव आणतो. तो अमलात येण्यासाठी बाहेर लोक उभे राहावे लागतात. दोन्ही हवे. आणि प्रत्येक प्रौढ माणसाला मत हवे, ही मागणी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे मांडली होती. जोतीरावांना सरकारने नेमले होते, आपला नगरसेवक मात्र आपण नेमतो. तेव्हा जाब विचारणे हा आगाऊपणा ठरत नाही.

सभागृह रिकामे होते तेव्हा

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण निघाले. पोटाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि हातापायांतली ताकद जाते, असा हा आजार. पुणे परिसरात रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्न-पाण्यातून पसरणारा जंतू सापडला. महापालिकेत नव्याने घेतलेल्या गावांना पाणी शुद्ध करण्याची पुरेशी सोय नव्हती, हे सगळ्या शहराने पाहिले. त्या वेळी महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून कारभार प्रशासकाकडे होता. रोगराईच्या दिवसांत दार ठोठवायला आपला माणूस नसणे म्हणजे काय, ते त्या भागातल्या लोकांना विचारा.

आपण काय विचारायचे?

नगरसेवक भेटायला आला की हार-तुऱ्यांनंतर हे प्रश्न विचारा.

१. पाणी : आमच्या नळाच्या पाण्याचा नमुना शेवटचा कधी तपासला? गटारातून जाणारी पाइप कधी बदलणार? तोपर्यंत पावसाळ्यात पाणी उकळूनच प्या.

२. शौचालय : सीट किती, कुटुंबे किती? रात्री दिवा, आत पाणी आणि आतून कडी आहे का? शौचालय घाण असले की बायका पाणी कमी पितात, लघवी दाबून ठेवतात आणि मग जळजळ, ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन दवाखान्यात येतात.

३. डास : धूर फवारणीचा फोटो काढला जातो, पण साठलेले पाणी कोण काढते? डेंगीचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. पाणी रोज येत नाही, म्हणून आपण पिंप भरून ठेवतो. पिंप झाकणे आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडे करणे हे आपले काम, पाणी नियमित देणे हे त्यांचे.

४. दवाखाना : महापालिकेच्या दवाखान्यात डॉक्टर पूर्ण वेळ असतात का? शुगर-बीपीच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या मिळतात का? शहरी गरीब वैद्यकीय योजनेचे कार्ड काढले नसेल, तर आताच काढा. दवाखान्यात भरती झाल्यावर धावपळ नको.

तोंडी मागणी हवेत जाते. अर्ज लिहा, दोन प्रती करा, क्षेत्रीय कार्यालयात देऊन एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचनांतून अंदाजपत्रकात कामे घेण्याची पद्धत आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास हे अर्ज मागवतात. गल्लीतला दिवा, शौचालयाची दुरुस्ती, ड्रेनेजचे झाकण अशी कामे त्यात सुचवता येतात. वस्तीबाहेरचे लोक हे अर्ज भरतात, आपण मागे राहतो. या वर्षी महिला मंडळाने वर्षावासाच्या काळात विहारात एक संध्याकाळ यासाठी काढावी. ज्यांना लिहिता येते त्यांनी इतरांचे अर्ज लिहून द्यावेत.

आणि नगरसेवकाने काम केले, तर त्याला विहारात बोलावून चार लोकांसमोर सांगा. जोतीरावांना सभागृहात एकट्याने हात वर करावा लागला होता. आज चांगल्या कामासाठी कुणी हात वर केला, तर त्याच्या मागे आपली वस्ती उभी असली पाहिजे.

आपले आरोग्य सांभाळा. जय भीम, जय जोती.