परीक्षेतील शून्य

आरंभीच एक प्रश्न आपणापुढे ठेवतो. ‘क्ष’ ही संख्या ‘य’ या संख्येची दुप्पट आहे. तर ‘क्ष’ ही ‘य’पेक्षा मोठी आहे काय? बहुतेकांच्या ओठांवर ‘होय’ आले असेल. दुप्पट म्हणजे मोठी, त्यात विचारायचे ते काय! परंतु ‘य’ उणे तीन असेल तर ‘क्ष’ उणे सहा होते, आणि उणे सहा ही उणे तीनहून लहान आहे. तेव्हा ‘एवढ्या माहितीवरून सांगता येत नाही’ हेच खरे उत्तर होय.

दिलेली माहिती उत्तरास पुरेशी आहे की नाही, एवढेच विचारणारे असले प्रश्न स्पर्धापरीक्षांत येतात. त्यांत आकडेमोड जवळजवळ नसतेच, आणि म्हणूनच आकडेमोडीत पटाईत असलेला विद्यार्थी तेथे घसरतो. वरच्याच प्रश्नाला ‘य ही ऋण संख्या नाही’ अशी पुस्ती जोडून पाहा. ऋण नाही म्हणजे धन, असे धरून तो निःशंकपणे ‘माहिती पुरेशी’ म्हणतो. पण शून्य ऋणही नाही आणि धनही नाही. शून्याची दुप्पट शून्यच. मग ‘क्ष’ मोठी व्हावी कोठून? ‘य धन आहे’ असे स्पष्ट सांगितले तरच ‘होय’ म्हणण्याचा आपणास अधिकार.

या चुकीचे मूळ आम्हांस पाढ्यांत दिसते. ‘बे एके बे’पासून आपण म्हणू लागलो आणि ‘बे दाहे वीस’ला थांबलो, बे शून्ये शून्य कोणी म्हणवून घेतले नाही. प्रश्नात ‘संख्या’ हा शब्द आला की कान एक, दोन, तीन असेच ऐकतात. बोलीत शून्याला आपण ‘पूज्य’ म्हणतो खरे, पण कमाई पूज्य, अक्कल पूज्य, एवढ्यापुरतेच!

एकापेक्षा लहान अपूर्णांकही असेच विसरले जातात. वर्ग नेहमी मूळ संख्येहून मोठा, ही समजूत अर्ध्याचा वर्ग पाव होताच कोसळते. शून्य सम की विषम, यावरही उगाच वाद होतात. दोनाने भागून बाकी उरत नाही ती सम. शून्याला भागून काय उरणार?

याहून महागात पडते ते भागणे. एका संख्येचा वर्ग तिच्या पाचपटीएवढा आहे, तर ती संख्या कोणती? विद्यार्थी दोन्ही बाजूंना त्याच संख्येने भागतो आणि ‘पाच’ लिहून मोकळा होतो. शून्याचा वर्ग शून्य आणि पाचपटही शून्य, म्हणजे दुसरे उत्तर शून्य होते. ते भागताना हातचे गेले. ज्याने भागायचे ते शून्य तर नाही ना, हे पाहिल्यावाचून भागूच नये. सहाला शून्याने भागावे, तर शून्याने गुणून सहा देणारी संख्याच सापडत नाही. शून्याला शून्याने भागावे, तर कोणतीही संख्या चालते!

या भागाकाराने थोरामोठ्यांनाही चकविले आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे आणि गुणाकाराचे नियम बिनचूक सांगितले, परंतु शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असेही सांगितले. पुढे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणले, आलेल्यात त्याचेच अर्ध मिळविले, तिनाने गुणले, शून्याने भागले. ६३ आले, तर ती संख्या कोणती? पुढे कृती बाकी असेल तर शून्य हा गुणक तसाच मांडून ठेवावा, हा आचार्यांचा नियम. त्यामुळे पहिले शून्य शेवटच्या शून्याशी कटते, साडेचारपट म्हणजे ६३ एवढेच उरते आणि उत्तर १४ येते. आजच्या परीक्षेत मात्र १४ लिहिणाऱ्यास गुण मिळणार नाहीत; शून्याने गुणताच मूळ संख्येचा माग पुसला जातो आणि शेवटच्या भागाकाराला अर्थच उरत नाही.